लाल तेलाचे शास्त्र

मोटारीच्या सर्व भागांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची जेवढी धास्ती घेतली जाते तेवढी इंजिनाचीही घेतली जात नाही, आणि या धास्तीचे मूळ यंत्राच्या गुंतागुंतीपेक्षा ते यंत्र कोणत्या शास्त्रात मोडते याविषयीच्या गैरसमजात आहे. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीतला गिअरबॉक्स म्हणजे दातेरी चक्रांचा डबा; तो ज्याने उघडला त्याला ऑटोमॅटिकही तसाच, फक्त जास्त चक्रांचा डबा असावा असे वाटते, आणि आत चक्रांपेक्षा तेलाच्या वाटा, स्प्रिंगा, झडपा आणि कागदी अस्तराच्या चकत्याच अधिक निघाल्या की तो गोंधळतो. वास्तविक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे मुख्यतः हायड्रॉलिक, म्हणजे दाबाखालच्या तेलाने हालचाल घडवणारे यंत्र आहे. त्यातील चक्रे क्वचितच मोडतात, ढासळतो तो दाब. एवढे पक्के धरले की निदानाची दिशा बदलते, आणि हे काम घराच्या परसात कुठपर्यंत नेता येईल याचे उत्तरही हाती लागू लागते.

बेळगावात हा गैरसमज विशेष खटकतो. खडेबाजारातून निघून, टिळकवाडी ओलांडून, खानापूर रस्त्याने उद्यमबाग गाठली की फाउंड्र्या आणि मशीनशॉप यांच्या जोडीने हायड्रॉलिक पंप व झडपा बनवणारे कारखाने लागतात. पॉलिहायड्रॉनसारखी कंपनी १९८० च्या दशकापासून हेच करत आली आहे, आणि देशातील हायड्रॉलिक उद्योगात बेळगावचे नाव घेतले जाते ते याच वस्तीमुळे. तेथे ज्याला ‘स्पूल’ म्हणतात, म्हणजे नेमक्या व्यासाच्या भोकात पुढेमागे सरकून तेलाची एक वाट उघडणारा आणि दुसरी बंद करणारा खाचांचा दांडा, तोच दांडा करंगळीएवढा होऊन ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये डझनाने बसलेला असतो. ज्या गावात स्पूल आणि भोक यांच्यातील फट मायक्रॉनमध्ये मोजणारे कारागीर आहेत, त्या गावात हा गिअरबॉक्स जादूचा डबा ठरावा, याला उपरोध म्हणावे लागेल.

परदेशी यंत्र समोर आले की ते समजून घेऊन वापरात आणण्याची परंपराही या गावाला नवी नाही. बाजारपेठेतील किर्लोस्कर रोड ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आणि त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांकडे ते वळले, आणि कारखान्याची जागा गावच्या वाढीसाठी सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेले. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. त्या काळी सायकल हेसुद्धा बहुतेकांनी न पाहिलेले विलायती यंत्र होते. शंभराहून अधिक वर्षांनी त्याच बाजारपेठेतून ऑटोमॅटिक गाड्या सरकतात, आणि खडेबाजारासारख्या अरुंद, क्षणोक्षणी थांबणाऱ्या रहदारीत डावा पाय मोकळा राहावा हेच त्या घेण्यामागचे सर्वांत मोठे कारण असते.

सर्व ऑटोमॅटिक गाड्या मात्र एकाच जातीच्या नसतात, आणि जात न ओळखता केलेले निदान फुकट जाते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून भारतात लोकप्रिय झालेली ‘एएमटी’ ही नेहमीच्या हातगिअरच्या गिअरबॉक्सवर क्लच दाबणारे आणि गिअर ढकलणारे यांत्रिक हात बसवून केलेली रचना आहे. तिच्यात झटके बसू लागले तर बहुधा क्लच प्लेट किंवा ते हात तपासायचे असतात, गिअरबॉक्स नव्हे. ‘सीव्हीटी’मध्ये दोन शंकूच्या पुली आणि त्यांच्यातला पोलादी पट्टा असतो, रबरी पट्ट्याच्या रूपात ही कल्पना हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये मोटारीत आणली. पुलीवर ओरखडा उमटला तर तो घरी काढता येत नाही, आणि काढण्याचा प्रयत्नही करू नये. दुहेरी क्लचच्या गाड्यांना खास हत्यारे आणि कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. या लेखाचा विषय आहे तो जुना, तेलाच्या कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स: १९९० च्या दशकात झेनमध्ये आलेला, पुढे सँट्रो, आय-टेन, डिझायर, सियाझ यांच्यात चार गिअरांचा आणि इनोव्हा क्रिस्टासारख्या मोठ्या गाड्यांत सहा गिअरांचा झालेला. जुन्या गाड्यांच्या बाजारात तो सापडतो आणि दुरुस्तीला तोच अधिक योग्य आहे.

त्याची रचना तीन भागांत समजते. इंजिनाला चिकटून असतो टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाने भरलेला गोल लोखंडी डबा, ज्यात समोरासमोर दोन पंखे असतात. एक इंजिनाबरोबर फिरून तेल फेकतो आणि दुसरा त्या तेलाच्या माऱ्याने फिरतो, तर दोहोंच्या मधला तिसरा, ‘स्टेटर’ नावाचा छोटा पंखा परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देऊन गाडी उठताना इंजिनाचा जोर सुमारे दुप्पट करतो. जर्मन अभियंता हेर्मान फॉटिंगर याने १९०५ मध्ये या तत्त्वाचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. मोटारीत मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक, १९३९ मध्ये जाहीर झाला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसला. पुढच्या काळात कन्व्हर्टरच्या आत एक क्लच घालण्यात आला, जो वेग वाढल्यावर दोन्ही पंखे एकत्र जखडतो आणि तेलाची घसरण थांबवतो. त्याला ‘लॉक-अप’ म्हणतात.

दुसरा भाग ग्रहमालेचा. मधोमध सूर्यचक्र, त्याभोवती एका चौकटीत बसवलेली तीन-चार ग्रहचक्रे आणि या सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले कडेचे चक्र, अशी ही मांडणी असते, आणि तिचे वैशिष्ट्य असे की दाते कधीच सुटत किंवा अडकत नाहीत. ती सदैव एकमेकांत असतात. कडेचे चक्र धरून ठेवून सूर्य फिरवला तर चौकट सावकाश पण जोराने फिरते, म्हणजे खालचा गिअर मिळतो. कोणतेही दोन घटक एकमेकांना जखडले तर सगळी माला एकसंध फिरते, म्हणजे सरळ गिअर मिळतो. चौकट धरून ठेवली तर बाहेरचे चक्र उलट फिरते, म्हणजे रिव्हर्स मिळतो. अशा दोन-तीन माला जोडल्या की चार, सहा, आठ गिअर तयार होतात. गिअर बदलणे म्हणजे येथे दाते बदलणे नव्हे, कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे एवढेच बदलणे.

हे धरणे-सोडणे करतो तिसरा भाग, आणि बिघाड बहुतांशी त्याचाच असतो. कागदी अस्तराच्या चकत्या आणि पोलादी चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात, त्यांना क्लच पॅक म्हणतात. त्यामागच्या पिस्टनला तेलाचा दाब मिळाला की चकत्या आवळल्या जातात. कोणत्या पिस्टनला, केव्हा आणि किती दाब द्यायचा हे ठरवते व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे अॅल्युमिनियमचा तो चक्रव्यूहासारखा ठोकळा, ज्यात स्पूल, स्प्रिंगा, पोलादी गोळ्या आणि विजेवर उघडझाप करणाऱ्या सोलेनॉइड झडपा असतात, आणि या सोलेनॉइडना हुकूम देतो गाडीचा संगणक. गिअरबॉक्सचा पंप, बिघडला नाही तोवर, या सगळ्या मंडळींना एकाच लाल तेलावर पोसतो. त्या तेलाला ‘एटीएफ’ म्हणतात, आणि ते वंगण, दाबवाहक, थंडावा देणारे आणि चकत्यांची पकड ठरवणारे असे चौपदरी काम करते. पकडीचे हे काम इतके नाजूक आहे की १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यासाठी अमेरिकेत स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळले जात असे, आणि कायद्याने ते बंद झाल्यावर पर्यायी रसायने शोधण्यासाठी तेल कंपन्यांना बरीच यातायात करावी लागली. दुकानदाराने ‘लालच आहे, चालेल’ म्हणून दिलेले कोणतेही तेल ओतू नये ते याचसाठी. गाडीच्या पुस्तिकेत जे नाव छापले आहे तेच तेल घ्यावे.

निदान सुरू होते ते या तेलापासून, आणि येथे घाई करणारा पुढे हजारोंचा खर्च करतो. तेलाची पातळी मोजण्याची दांडी असलेल्या गिअरबॉक्समध्ये गाडी सपाट जागी उभी करून, तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून आणि गिअरचा दांडा पी-पासून शेवटच्या खाचेपर्यंत एकदा सावकाश फिरवून मग पातळी पाहायची असते; इंजिन बंद करून पाहिलेली पातळी बहुतेक गाड्यांत खोटी असते. ज्यांना दांडी नाही त्यांच्या तळाला एक बूच असते आणि तेल पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला, बहुधा पस्तीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान, असताना तेथून ते थेंब थेंब गळू लागले की पातळी बरोबर धरतात. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो, आणि एका गळक्या सीलमुळे ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल लागतो. तेल पांढऱ्या कागदावर टिपून पाहावे: पारदर्शक लाल वा किंचित तपकिरी असले तर ठीक, काळपट आणि करपलेला वास असेल तर चकत्या जळाल्या आहेत, आणि स्ट्रॉबेरीच्या दुधासारखे गुलाबी दिसले तर त्यात पाणी आहे.

पाण्याचा मुद्दा या भागात दुय्यम नाही. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरच्या पोटातल्या नळीतून फिरून थंड होते, आणि ती नळी कुजली की कूलंट तेलात शिरतो. ही झाली कोठेही घडणारी गोष्ट. सीमाभागात दुसरी वाटही आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते. खानापूर आणि जांबोटीकडच्या सखल पुलांवर तर जोराचा पाऊस झाला की पाणी चढते. अशा पाण्यातून तापलेली गाडी नेली की गिअरबॉक्सचे धूड एकाएकी थंड होते, आतली हवा आकसते आणि वर असलेल्या हवेच्या छोट्या नळीतून किंवा जुन्या सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. कागदी अस्तर पाणी शोषते, अस्तर चिकटवणारा डिंक सैल होतो, आणि तेल तीनदा बदलूनही काही आठवड्यांनी चकत्या सोलून निघतात. गुलाबी तेल दिसल्यावर केवळ तेल बदलून गाडी परत देणे हा फसवणुकीचाच प्रकार मानावा लागेल, मग करणाऱ्याचा हेतू काहीही असो.

घाटाचे म्हणाल तर बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि गोवा समुद्राला लागून. सुट्टीच्या दिवशी या दोहोंमधला चोर्ला घाट चढताना पुढे ट्रक, मागे ट्रक, एसी चालू आणि वेग वीसच्या आत, अशा स्थितीत लॉक-अप लागत नाही, कन्व्हर्टरमधील घसरण सतत चालू राहते आणि इंजिनाच्या शक्तीतला मोठा वाटा तेल तापवण्यात जातो. तवंदी आणि वंटमुरीचे घाट त्या मानाने सौम्य. ठरावीक मर्यादेपलीकडे दर दहा अंशांनी तेलाचे आयुष्य निम्मे होते असा ढोबळ नियम आहे. म्हणून ‘आयुष्यभर तेल बदलायला नको’ हे विक्रीच्या कागदावरचे वाक्य घाटातल्या गाडीला लागू करणे शहाणपणाचे नाही.

तेलानंतर वीज. बॅटरी अशक्त असेल, इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजली असेल किंवा गिअरच्या दांड्याची जागा सांगणारा स्विच झिजला असेल तर संगणक गोंधळून गाडीला एकाच, बहुधा तिसऱ्या, गिअरमध्ये अडकवून ठेवतो आणि दाब कमाल करतो. यंत्र वाचवण्यासाठी मुद्दाम केलेली ही सोय आहे, पण चालकाला ती बिघाडासारखीच वाटते. हजार-दोन हजारांत मिळणारा स्कॅनर डॅशबोर्डखालच्या खोबणीत लावला की संकेतांक दिसतात: पी०७०० म्हणजे ‘गिअरबॉक्सच्या संगणकाकडे तक्रार आहे’ एवढीच वर्दी, पी०७१५ आणि पी०७२० म्हणजे आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारे सेन्सर, पी०७३० म्हणजे मागितलेला गिअर आणि मिळालेला गिअर जुळत नाहीत, पी०७४० म्हणजे लॉक-अपची विद्युत वाट. संकेतांक हा आरोप आहे, निकाल नव्हे. सोलेनॉइडचा संकेतांक आला तर मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा; नुसते उघडझाप करणारे सोलेनॉइड बहुधा अकरा ते पंधरा ओहम दाखवतात आणि दाब नियंत्रित करणारे पाचच्या आसपास. आकडे बरोबर असतील तर मग वायर, आणि वायरही बरोबर असेल तरच झडपेत कचरा अडकल्याचा संशय.

यानंतर येतो तो या विषयातला सर्वांत सुंदर भाग, आणि त्याला हत्यार लागते फक्त कागद-पेन्सिल. प्रत्येक गिअरबॉक्सच्या दुरुस्ती-पुस्तिकेत एक तक्ता असतो, ज्यात कोणत्या गिअरला कोणता क्लच आणि कोणता ब्रेक आवळलेला असतो हे ठिपक्यांनी दाखवलेले असते. उदाहरणार्थ, जपानी चारगिअरी गाड्यांतील एका प्रसिद्ध रचनेत पुढचा क्लच पुढे जाण्याच्या चारही गिअरांना लागतो, सरळ क्लच तिसऱ्याला, चौथ्याला आणि रिव्हर्सला लागतो, आणि एक वेगळा ब्रेक फक्त चौथ्याला. आता गाडी पहिल्या-दुसऱ्यात बिनतक्रार धावते, पण तिसऱ्यात रेस वाढते आणि गाडी ओढत नाही, शिवाय रिव्हर्सही मिळत नाही, अशी तक्रार असेल तर तक्त्यावर बोट ठेवून सांगता येते की सरळ क्लच किंवा त्याच्याकडे जाणारी तेलाची वाट गेली आहे. रिव्हर्स उत्तम पण पुढे गाडी हलतच नसेल तर पुढचा क्लच. फक्त चौथा नसेल तर तो एकटा ब्रेक. आणि सगळेच गिअर सारखेच ढिले असतील तर दोष एखाद्या क्लचमध्ये नसून सर्वांना समान असलेल्या गोष्टीत, म्हणजे पंप, फिल्टर, मुख्य दाब किंवा कन्व्हर्टर यांत आहे. हा तक्ता भरल्याशिवाय गिअरबॉक्स खाली उतरवणे म्हणजे रोग्याला न तपासता त्याचे पोट फाडणे होय, आणि दुर्दैवाने हेच अधिक केले जाते.

तक्त्याने जे सुचवले ते दाबमापकाने पक्के करायचे. गिअरबॉक्सच्या अंगावर छोटे बूच असते. ते काढून तेथे हायड्रॉलिकचे गेज लावले की मुख्य दाब कळतो. चारगिअरी छोट्या गाड्यांत निवांत इंजिनावर चौरस सेंटिमीटरला साधारण चार किलो आणि पूर्ण जोरावर अकरा-बारा किलो असा दाब आढळतो, पण अचूक आकडा पुस्तिकेचाच घ्यावा. वीस किलोपर्यंतचे गेज आणि त्याचे जोड बेळगावात मिळवणे अवघड नाही. इतरत्र शोधत फिरावे लागते ते येथे घराजवळ मिळते, हा हायड्रॉलिकच्या गावाचा साधा फायदा. पूर्ण जोरावरची चाचणी, जिला ‘स्टॉल टेस्ट’ म्हणतात, ती मात्र धोक्याची आहे: चाकांना ओट, हँडब्रेक ओढलेला, डावा पाय ब्रेकवर गच्च, समोर आणि मागे कोणीही नाही, आणि रेस पूर्ण दाबलेली पाच सेकंदांहून अधिक नाही. इंजिनाचे फेरे पुस्तिकेच्या आकड्यापेक्षा जास्त गेले तर क्लच घसरतो आहे. बरेच कमी राहिले तर इंजिन अशक्त आहे किंवा स्टेटर निकामी आहे. गल्लीत ही चाचणी करूच नये. खडेबाजारात तर नाहीच.

या सर्व पायऱ्यांनंतरही खोलणे अटळ ठरले, तर ‘घरी’ या शब्दाचा अर्थ आधी नीट ठरवावा लागतो. गिअरबॉक्सचे वजन पन्नास ते ऐंशी किलो असते आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो खालून उतरवावा लागतो. त्यासाठी गाडी चार भक्कम स्टँडवर, सिमेंटच्या जमिनीवर हवी, वरून इंजिन तोलून धरायला आडवा दांडा हवा, आणि दुसरा माणूस हवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणाऱ्याला शौर्याचे श्रेय देण्याची गरज नाही. उतरवताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच खाली यावा लागतो; तो घसरून पडला तर पायाचे बोट आणि पंपाचे सील दोन्ही जातात. उघडण्याची जागा बंद खोलीतली हवी. परसात लाल मातीची धूळ असते आणि निपाणीत वखारींच्या हंगामात हवेत तंबाखू असते. व्हॉल्व्ह बॉडीला दोन्ही सारख्याच घातक. पुसायला सुती चिंधी वापरली की तिचा धागा स्पूलमध्ये अडकतो, म्हणून धागा न सुटणारे कापड किंवा नुसती हवा. प्रत्येक पॅक उघडताना चकत्यांचा क्रम आणि तोंडे जशीच्या तशी ताटात मांडून, फोटो काढून, ताटावर चिठ्ठी लावणे हे काम कंटाळवाणे आहे, पण यश बव्हंशी त्यावरच ठरते. व्हॉल्व्ह बॉडीचे दोन अर्धे अलग करताना आतल्या पोलादी गोळ्या टपकतात. त्यातली एक जरी चुकीच्या घरात गेली तर गाडी एखादा गिअर कायमचा विसरते.

आत काय सापडते ते बहुतेकदा निदानाशी जुळते. एका पॅकच्या चकत्या काळ्या आणि गुळगुळीत, पोलादी चकत्यांवर निळे डाग, आणि त्यांच्या पिस्टनच्या रबरी सीलची कड वयाने कडक झालेली: मूळ आरोपी तेच सील. सकाळी थंड इंजिनावर डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी उठत होती, ही जुनी तक्रार याच सीलची असते. चकत्या जळाल्या म्हणून फक्त चकत्या बदलणारा कारागीर सहा महिन्यांनी पुन्हा तोच डबा उघडतो. म्हणून सर्व सील, ओ-रिंग आणि टेफ्लॉनच्या कड्या असलेले ओव्हरहॉल किट पूर्णच बसवावे. नव्या कागदी चकत्या बसवण्यापूर्वी किमान अर्धा तास, शक्यतो अधिक, त्याच एटीएफमध्ये बुडवून ठेवाव्यात. कोरड्या बसवलेल्या चकत्या पहिल्याच वळणावर करपतात. सील आणि वॉशर जागेवर धरून ठेवायला ग्रीस नव्हे तर व्हॅसलीन, कारण व्हॅसलीन तेलात विरघळते आणि ग्रीस फिल्टरमध्ये जाऊन बसते. पॅक रचून झाल्यावर फीलर गेजने मोकळी फट मोजायची. ढोबळ हिशेब दर कागदी चकतीमागे पाव मिलिमीटर असा, पण येथेही पुस्तिकेचा आकडा अंतिम, आणि फट जुळवायला वेगवेगळ्या जाडीच्या सर्क्लिप मिळतात. मग तेलाच्या भोकातून अडीच-तीन किलोची हवा सोडली की प्रत्येक पिस्टन ‘ठप्’ असा स्पष्ट आवाज करतो. फुसफुस ऐकू आली तर सील उलटे बसले आहे, आणि ते आत्ताच सापडले हे भाग्य समजावे.

दोन कामे घरी होत नाहीत, आणि ती बाहेर देण्यात कमीपणा नाही. कन्व्हर्टर वेल्ड करून बंद केलेला असतो. आतला जळका गाळ धुण्यासाठी तो लेथवर कापून, साफ करून, पुन्हा वेल्ड करून, तोल साधून घ्यावा लागतो, नाहीतर तयार बदली घ्यावा. दुसरे, व्हॉल्व्ह बॉडीचे भोक. पोलादी दुरुस्तीला सरावलेला हात येथे फसतो, कारण भोक अॅल्युमिनियमचे असते. सतत थरथरणाऱ्या दाबनियंत्रक स्पूलने ते लंबगोल झिजते, तेल कडेने निसटते आणि नव्या चकत्यांनाही पुरा दाब मिळत नाही. ते मोजणे, किंचित मोठे करून जाड स्पूल बसवणे, हे उद्यमबागेच्या भाषेत रोजचे रीमिंग-होनिंगचे काम आहे. मोटारीचे गॅरेज आणि हायड्रॉलिकचे मशीनशॉप यांच्यात देवाणघेवाण व्हायला हवी ती नेमकी येथे, आणि या दोन धंद्यांनी एकमेकांचे दार ठोठावायला हरकत नाही.

परत चढवताना एकच चूक पुरेशी असते. कन्व्हर्टरचा दांडा आत सरकवताना तो तीन टप्प्यांत बसतो, प्रत्येक टप्प्याला हलका धक्का जाणवतो, आणि शेवटचा टप्पा पंपाच्या खाचेचा असतो. तो न बसताच बोल्ट आवळले तर नवा पंप इंजिन सुरू होण्याआधीच फुटतो. म्हणून गिअरबॉक्सच्या कडेपासून कन्व्हर्टरची खोली पट्टीने मोजून पुस्तिकेशी ताडावी, आणि इंजिनाशी जोडल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो का ते पाहूनच पुढचा बोल्ट घ्यावा. थंड करणाऱ्या नळ्या धुवून घ्याव्यात. जुना गाळ त्यांतच दबा धरून बसलेला असतो. तेल टप्प्याटप्प्याने भरावे आणि संगणकाने जुन्या, झिजलेल्या चकत्यांनुसार शिकलेले हिशेब स्कॅनरने पुसून टाकावेत, नाहीतर गाडी काही दिवस विनाकारण झटके मारते.

पहिली फेरी सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने, प्रत्येक गिअर दोन-चार वेळा बदलेल एवढीच घ्यावी. चोर्ल्याचा बेत त्या आठवड्यात नको. हजार किलोमीटरांनी तळाचे चेंबर पुन्हा उघडून आतला चुंबक पाहावा. त्यावर राखाडी, लोण्यासारखा पातळ लेप असेल तर तो पुसून, नवे गास्केट लावून, ताजे तेल भरून बंद करावे. चकाकणारे कण बोटाला टोचले तर गाडी पुन्हा स्टँडवर चढवावी.